चौथं चित्र

सकाळी आठच्या सुमारास उपकेंद्राच्या भिंतीवर नवा फ्लेक्स लागला आणि त्यातल्या चौथ्या चौकटीत जानरावला स्वतःची पाठ दिसली. घडलं ते एवढंच. कारंज्याहून कामरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. जीप थांबते तिथून समोरच उपकेंद्र, त्यामुळे जीपची वाट पाहणाऱ्याला त्या भिंतीकडे बघण्यावाचून दुसरं काम नसतं. दोन माणसं आली, लाकडी चौकटीवर ताणलेला फ्लेक्स खिडकीच्या गजांना तारेने बांधून निघून गेली. वर मोठ्या अक्षरांत ‘साखर आणि चालणे’ असं होतं आणि खाली चार चित्रं, हिरव्या बाणांनी एकमेकांना जोडलेली. पहिल्यात घड्याळ आणि त्याखाली चालणारा माणूस. दुसऱ्यात ताट, त्यातलं अर्धं भाजीने भरलेलं. तिसऱ्यात एक बाई तळपायाखाली आरसा धरून बसलेली. चौथ्यात पाठमोरा माणूस चालत पुढे गेला होता आणि त्याची डावी चप्पल मागे रस्त्यावर राहिली होती. कुणालाच चेहरा नव्हता, डोक्याच्या जागी नुसता वाटोळा ठिपका. फ्लेक्सवरची माणसं अशीच असतात हे जानरावला माहीत होतं. त्याची सून सपना कारंज्यात फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. पण या चौथ्या माणसाचा उजवा खांदा किंचित खाली होता, आणि उजव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकलेली होती. चालताना माणसं हात मोकळा सोडतात किंवा मूठ आवळतात. बोटं अंगठ्यावर घासत चालणारा माणूस या रस्त्यावर एकच होता.

ती सवय कापसाची. कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून त्याची नोकरी झाली. गाडी फाटकातून आत आली की तो बाही वर करून हात कोपरापर्यंत कापसात खुपसायचा, मधला कापूस मूठभर बाहेर ओढायचा, दोन अंगठ्यांत धरून तंतू ताणायचा आणि मग तेच तंतू बोटांवर चोळत पुढच्या गाडीकडे जायचा. वरचा कापूस कोरडा, बोंडासारखा फुललेला, आणि आत वजन वाढवायला पाणी मारलेला. हे त्याला हात आत गेल्याबरोबर कळायचं. गाडीवाला काय बोलतो इकडे तो लक्ष द्यायचा नाही. जो न विचारता शपथा घ्यायचा त्याच्या गाडीत तो दोनदा हात घालायचा. निवृत्तीनंतरही, शेवटच्या वेचणीचा फरतडीचा कापूस येऊ लागला आणि शेतकरी-व्यापारी भांडायला लागले की जिनिंगवाल्याचा फोन यायचा, ‘भाऊ, एकदा हात लावून जा.’ त्याने हात लावला की भांडण संपायचं. घरात मुलाची, अश्वजितची, शिक्षकाची नोकरी होती, सपनाची नोकरी होती, कशाची कमी नव्हती. पण फाल्गुनाच्या आधी येणारा तो फोन जानरावचा होता. तो यंदा अजून आला नव्हता. येईल असं त्याने बायकोला, बेबीताईला, दोनदा सांगितलं होतं.

“जयभीम, जानरावभाऊ,” गुलाबराव मागून म्हणाला. त्याच्या पायाशी पालक आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. मळा त्याचा ओढ्याच्या काठी. दररोज माल घेऊन तो कारंज्याला जायचा. “फोटू झकास लागला तुमचा.”

“कोणता फोटू?”

“तो काय चवथा. खांदा तुमचा, चाल तुमची. आता हार घालाचा का नारळ फोडाचा, तेवढं सांगा.”

“फ्लेक्सवर काय, कोणीबी राह्यते,” जानराव म्हणाला. “तूच असशील तो.”

“मी असतो तं डोक्यावर भाजीचं गठुडं असतं ना, बाप्पा.”

दोघंतिघं हसले. जीप आली, जुड्या टपावर गेल्या, गुलाबराव मागच्या पायरीवर लटकून गेला. जानरावला कुठेच जायचं नव्हतं. तो तिथेच उभा राहिला आणि चित्रातल्या चपलेकडे बघत राहिला. चप्पल उलटली नव्हती. सरळ, पुढे तोंड करून, जणू कुणीतरी तिच्यात अजून उभं आहे अशी होती. नेमकी तशीच होती ती त्या संध्याकाळी. पोळ्यानंतरची गोष्ट. कारंज्याहून येऊन तो फाट्यावर उतरला होता आणि पुलावरून घराकडे चालत आला होता. दारातल्या फरशीवर पाय पडला तेव्हा त्याला आवाज वेगळा आला. एका पायाचा फट्, दुसऱ्याचा काहीच नाही. त्याने खाली बघितलं तर डावा पाय उघडा. कुठपासून उघडा, ते त्याला सांगता आलं नसतं. फरशी गार होती का, तेही नाही. तो तसाच मागे फिरला आणि पुलाच्या कठड्याजवळ चप्पल उभी दिसली. ती पायात अडकवताना त्याने मागेपुढे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मात्र तो येत असताना एसटी गेली होती, दिवे लावून, हळू, पुलावर सगळ्याच गाड्या हळू होतात. सपना त्याच एसटीने यायची. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा त्याच्याकडे बघून काही बोलली नव्हती. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस खाली रस्त्यावरच्या माणसाला पाठमोरंच बघतो. चित्र पाठमोरं होतं.

मग त्याच्या मनात दुकानातला तो कॉम्प्युटर आला. सपनाने एकदा हसत सांगितलं होतं, आमच्याकडे अख्ख्या तालुक्याचे फोटो आहेत, बाबा. वाढदिवसाला आलेला फोटो कधीच पुसत नाहीत, पुढे श्रद्धांजलीला तोच लागतो, नातेवाईक रडत येतात, त्यांना कुठे फोटो शोधायला लावायचा. जानरावच्या निवृत्तीचा फ्लेक्सही तिथेच झाला होता. म्हणजे तो त्या यंत्रात होता. खांदा, हात, उंची, सगळं. तेव्हा त्याला त्या गोष्टीचं हसू आलं होतं.

संध्याकाळी सपना डबा धुवायला ठेवत होती तेव्हा त्याने सहज विचारावं तसं विचारलं. “तो उपकेंद्राचा फ्लेक्स तुमच्या दुकानातला काय?”

“हो, आमचाच. कसा दिसते?”

“चांगला हाय. चित्रं तूच काढली?”

“नाई बाबा. चित्रं तयारच येतात वरून. आम्ही फक्त गावाचं नाव टाकतो.”

“माणसं बी वरून येतात?”

“माणसं बी.” तिने डब्याचं झाकण पालथं घातलं. “काहून, काय झालं?”

“काई नाई. ते गुलाबराव म्हणे, त्यात मी हाय म्हणून.”

सपना हसली. थोडं उशिरा हसली, असं त्याला वाटलं. मग तिने विचारलं, “तुम्हाले काय वाटलं?” आणि उत्तराची वाट न बघता देवळीतला दिवा लावायला गेली. जानराव बसून राहिला. ती जास्त बोलली असती तर त्याला संशय आला असता, ती कमी बोलली म्हणूनही आला. गाडीवाल्यांची सगळी ओळखीची लबाडी त्याने तिच्या वाक्यांना लावून पाहिली आणि एकही नीट बसली नाही. तिने काढलं नसेल तर खांदा कुठून आला? आणि काढलं असेल तर तिने बोलायचं सोडून भिंतीवर का टांगलं? घरातल्या घरात सांगता येत नाही अशी गोष्ट चार गावांना दाखवायची, हे कुठलं वागणं? की सांगता येत नाही म्हणूनच? इथपर्यंत आला की तो थांबायचा. कारण पुढचा प्रश्न पायाचा होता, आणि पायाबद्दल त्याने स्वतःशीही शब्द ठरवलेले नव्हते. साखर आहे, गोळी चालू आहे, एवढंच घरात माहीत होतं. डावा पाय पावसाळ्यापासून मोज्यात घातल्यासारखा झाला होता. आधी बोटं, मग तळवा. आंघोळीच्या पाण्यात तो उजवा पाय आधी घालायचा, पाणी किती कढत आहे ते त्यालाच कळायचं. कापसात हात घालणाऱ्या माणसाचा पाय मेला, हे जिनिंगच्या फाटकात कळलं तर पुढे कोण काय विचारेल हे त्याला ऐकू येत होतं. ‘पायाचं असं हाय, तं हाताचं काय?’ एवढं एकच वाक्य पुरे होतं. नंतर त्याने ‘पाणी आहे’ म्हटलं तरी कुणी ऐकलं नसतं.

त्या आठवड्यात दारापाशी नव्या सँडल दिसल्या. मागे पट्टा असलेल्या, टाच धरून ठेवणाऱ्या. जुन्या चपला कुठेच नव्हत्या.

“हे कोणाचं?”

“तुमचंच,” बेबीताई म्हणाली. “बाजारात सस्त्या भेटल्या.”

“मले पट्ट्याच्या कायले? मी काय शाळेत जातो?”

“मंग नका घालू. ठेवून द्या, तुमच्या नातवाले होतील.” ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. “उंबऱ्याले ठेचकाळता येता-जाता. रगत निघते अन् तुमचं ध्यानच नाई. पट्टा असला तं पाय सांभाळून पडते, असं म्हणतात.”

“कोण म्हणते?”

“लोक म्हणतात.”

कोण लोक, हे तिने सांगितलं नाही. चाळीस वर्षांत बेबीताईने त्याच्यासाठी चपला आणल्याचं त्याला आठवेना. मापासाठी पाय लागतो म्हणून तो स्वतःच जायचा. म्हणजे तिने झोपेत माप घेतलं होतं, किंवा जुनी चप्पल नेली होती. आणि पायाला काही लावून माप घेतलं असेल तर ते त्याला कळलं नसणार. या विचाराने त्याला घरातल्या घरात उघडं पडल्यासारखं झालं. दुपारी सगळे बाहेर असताना तो मागच्या वावरात गेला, पऱ्हाट्यांवर राहिलेलं एक बोंड तोडलं आणि तंतू ताणला. लांबी कळली. मऊपणा कळला. मग त्याने डोळे मिटून पुन्हा ताणला आणि त्याला प्रश्न पडला की हे कळतंय ते बोटांना, की इतक्या वर्षांच्या आठवणीला. त्याने बोंड फेकून दिलं. घरी आल्यावर सँडल घातल्या. पट्टा लावताना बोटांनी बकल पकडलं, पायाला मात्र काहीच लागलं नाही, आणि त्या घालून तो चालला तेव्हा मागून कुणी बघत असेल तर त्याला काय दिसेल, एवढाच विचार रस्ताभर त्याच्या बरोबर होता.

पुढे जे झालं ते जानरावने ठरवलेलं नव्हतं. गुलाबराव जीपच्या थांब्यावर भेटला तेव्हा चित्रावरून बोलणं निघालंच. “आमची गोजरा तं लागली कामाले,” तो म्हणाला. त्याच्या बायकोला, गोजराबाईला, साखर निघून वर्ष झालं होतं. “जेवली का निघते. पार पुलापर्यंत. उघड्या पायानं.”

“उघड्या पायानं काहून?”

“आता फ्लेक्सवर काय हाय? चप्पल सोडून चाला म्हणते ना. घड्याळ पाहून चाला, भाजी खा, पाय धुऊन पुसून पाहा, अन् चप्पल काढून चाला. चार चित्रं, चार कामं. मळ्यात आमी वाफ्यात चपला घेऊन कवा जात होतो? तवा होती काय साखर कोणाले? बराबर हाय ते.”

जानरावने फ्लेक्सकडे बघितलं. पहिल्यांदा त्याने ते गुलाबरावच्या डोळ्यांनी बघितलं आणि त्याला तसंच दिसलं. तीन चित्रांत करायच्या गोष्टी होत्या; चौथं काही वेगळं आहे असं सांगणारं काही नव्हतं, तोच हिरवा बाण, तोच रस्ता. खाली अक्षरं असायला हवी होती. ती नव्हती. गुलाबराव गेल्यावर तो भिंतीजवळ गेला. चौकट आखूड पडली होती, म्हणून लावणाऱ्यांनी फ्लेक्सची खालची पट्टी लाकडावरून मागे वळवून खिळे मारले होते, नेहमी मारतात तसे. त्याने चौकट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली आणि गाल विटेला लावून आत बघितलं. अंधारात उलट्या ओळीतलं थोडंसं वाचता आलं. ‘...निसटली तरी कळत नाही?’ त्यापुढे खिळा होता.

म्हणजे ते त्याचं चित्र नव्हतं. जिथे जिथे साखर आहे तिथल्या सगळ्यांचं होतं, वरून आलेलं, सपना म्हणाली तसं. किंवा तिने ते वाचलं होतं, टाकताना, आणि त्या वाक्याच्या वर उभा करायला तिला एक माणूस आठवला होता. दोन्ही खरं असू शकत होतं. त्याने चौकट सोडली, ती भिंतीवर आपटली. आजूबाजूला कुणी बघितलं नव्हतं. घरी जाताना त्याच्या मनात एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. चौथं चित्र कशाचं आहे हे गावात फक्त त्यालाच माहीत होतं, आणि कसं माहीत, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. उद्या सिस्टरला बोलू, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो उपकेंद्राकडे फिरकला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आठवडी बाजार होता.

बाजाराच्या दुपारी गोजराबाई त्याला रस्त्यात भेटली. पुलाकडून येत होती, पदर डोक्यावर, चालणं झपाट्याचं. डांबर तापलं होतं. रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी टाकलेली गिट्टी सगळीकडे पसरली होती. चपला तिने मारुतीच्या ओट्यापाशी काढून ठेवल्या होत्या, देवळात जाताना ठेवतात तशा, जोडीने.

“वैनी, ऊन लय हाय. चप्पल घाला.”

“अवो भाऊजी, तुमीच सांगून राह्यले काय?” ती हसली. “तिकडं चित्रात काढून चालता, अन् मले घाला म्हणता.”

“ते मी नोहो.”

“राहू द्या. सारं गाव म्हणते. मी आमच्या यायले म्हटलं, दुसरं कोणी असतं तं भरोसा नसता बसला. जानरावभाऊनं हात लावला का माल पास. मंग मी बी निघाली.” तिने घाम पुसला. “पह्यले पह्यले भाजत होतं पायाले. आता काईच नाई लागत. सवय झाली.”

“काईच नाई लागत?”

“काईच नाई. फुलावर चालल्यावाणी.”

ती पुढे गेली. जानराव तिथेच उभा राहिला. कडेच्या धुळीत तिच्या पावलांचे ठसे स्पष्ट उमटले होते, उजवा, डावा, उजवा, डावा. उजव्या टाचेच्या ठशात मध्ये एक ओला, काळपट ठिपका होता. पुढच्या उजव्यातही होता. त्याच्या पुढच्यातही. तिच्या चालण्यात मात्र कुठे अडखळणं नव्हतं. तिने ओट्याशी वाकून चपला घेतल्या आणि हातातच धरून मळ्याच्या वाटेला लागली. त्याला हाक मारायची होती. घशापर्यंत आलेल्या हाकेत कुठलं वाक्य असेल ते त्याने जुळवून पाहिलं. ‘वैनी, लागत नाई तेच वाईट हाय.’ आणि तिने विचारलं असतं, तुमाले काय माहीत? मग ती वळणावर दिसेनाशी झाली. माल पास, असं ती म्हणाली होती. त्याने कशालाच हात लावला नव्हता. त्याने फक्त नाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्र उघडायच्या वेळेला तो दारात होता. संगीता सिस्टर कुलूप काढत होती. ती वाशीमकडची, इथे बदली होऊन तिला फार दिवस झाले नव्हते.

“बोला काका. गोळ्या संपल्या?”

“नाई. तुमचा फ्लेक्स खालून दुमडला हाय. अक्षरं मांगं गेली. लोक चवथं चित्र पाहून उघड्या पायानं चालून राह्यले.”

ती बाहेर आली, फ्लेक्सकडे बघितलं, वाकून खालचे खिळे बघितले. मग म्हणाली, “माझ्या लक्षातच नाही आलं. मला ते वाक्य पाठ आहे ना, मला दिसतच राहिलं.” आणि विचारलं, “कोण चालतंय?”

“गुलाबरावची बायको. गोजराबाई. टाचेले लागलं हाय तिच्या, रगत हाय. तिले पत्ता नाई.”

संगीताने तिथूनच फोन लावला. पलीकडे गुलाबराव असावा. जीपचा आवाज येत होता. ती ‘आत्ताच्या आत्ता’ असं दोनदा म्हणाली, मग नुसतं ऐकत राहिली. “आज सकाळीच निघाल्या त्या?” असं म्हणून तिने फोन ठेवला. “घरी नाहीत. पुलाकडे गेल्या म्हणे. ते बघतात कोणी पाठवता येतं का.” मग तिने खुर्ची पुढे ओढली. “बसा, काका. एक सांगा, तुम्हाला कसं कळलं? बाकी सगळ्यांना ते चप्पल काढा असं वाटलं.”

“चौकट ओढून वाचलं म्या. मांगून.”

“ओढून बघावंसं का वाटलं?”

भिंतीवर पंखा फिरत होता. टेबलावर बोटाएवढी एक प्लास्टिकची डबी होती, दाबून बंद केलेल्या झाकणाची. तिच्याकडे बघून संगीता म्हणाली, “त्यात एक नायलॉनचा दोरा असतो. तळपायाला टेकवून बघायचा, बाकी काही नाही. सँडल काढा.” मग ती म्हणाली, “पट्ट्याच्या घेतल्या ते बरं केलं. कोणी सांगितलं?” त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती सहज विचारत होती, किंवा तिला उत्तर माहीत होतं. सपनाची एसटी याच दारासमोर थांबायची. त्याने बकल काढलं.

“स्टुलावर पाय ठेवा. डोळे मिटा. टेकवलं असं वाटलं की हो म्हणा. घाई नाही.”

जानरावने डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं आपोआप अंगठ्याला लागली. हे आपल्याला येतं, असं त्याला वाटलं. समोरच्या माणसाचा श्वास, कपड्यांची हालचाल, खुर्चीचं करकरणं, यावरून हात कधी पुढे येतो ते ओळखायला तो गाड्यांमध्येच शिकला होता. बाहेर जीप येऊन थांबली, कुणीतरी कुणाला हाक मारली, ती गोजराबाई नव्हती. संगीताची खुर्ची किंचित पुढे सरकली. टेकवायला लागेल एवढा वेळ त्याने जाऊ दिला.

“हो,” तो म्हणाला.

ती काही बोलली नाही. त्याने पुन्हा तेवढाच वेळ जाऊ दिला.

“हो.”

आणि थोड्या वेळाने, आता खात्रीने, “हो.”

मग टेबलावर डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.